वीतभर डोलकाठी

खराटा विकत घेताना मी तो उभा धरते, एक डोळा मिटते आणि त्यातला एकेक हीर निरखून बघते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी खराटेवाली अक्का पहिल्यांदा घाबरलीच होती. नंतर तिनं शेजारच्या फुलवालीला कन्नडमधून काहीतरी सांगितलं आणि दोघी पोट धरून हसल्या. वीस वर्षं बंगळुरात राहूनही माझं कन्नड 'स्वल्प' आणि 'सरी' यांच्या फार पुढं गेलेलं नाही, पण 'तले केट्टिदे' एवढं कळतं. डोकं फिरलंय, असं म्हणाली ती. अगदीच खोटं नव्हतं.

मला खराटा झाडायला नको असतो. त्यातला एखादा हीर हवा असतो, बुडाशी जाड आणि टोकाकडं निमुळता होत गेलेला, आणि त्याचंही फक्त शेवटचं टोक. कारण मी युद्धनौकांची छोटी मॉडेल्स करते. सातशेपट लहान. दीडशे मीटरची नौका माझ्या टेबलावर एक वीत होते, तिच्यावरचा खलाशी तिळाएवढा आणि डोलकाठी बोटाच्या एका पेराएवढी. महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि घरी येऊन हे करायचं, असा माझा संसार. नागपूरहून आईचा फोन येतो. "काय करून राहिली गं?" "जहाज करून राहिली." "अरे बाप्पा! नागपुरात समुद्र नाही, बंगळुरात समुद्र नाही. मग काहून?"

त्या 'काहून'चं उत्तर म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. मूळचे साताऱ्याकडचे. अठराव्या वर्षी नौदलात शिरले आणि पंधरा वर्षं सिग्नलमन होते. नंतर इथल्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि इथलेच होऊन गेले. सिग्नलमन म्हणजे बावटेवाला. आपल्या जहाजाला दुसऱ्या जहाजाशी बोलायचं असलं की रंगीत बावट्यांची माळ दोरीनं डोलकाठीवर चढवायची, आणि समोरच्याच्या डोलकाठीवर काय चढलंय ते दुर्बिणीतून वाचायचं. "माझी सगळी तरुणपणाची वर्षं मान वर करून गेली," असं ते सांगायचे. मान अजून दुखते म्हणून दर थंडीत तेल लावून घ्यायचे.

माझ्या लग्नानंतर चार-पाच वर्षांनी कुणीतरी त्यांना मॉडेलचं खोकं भेट दिलं. आतले बारीक तुकडे बघून ते म्हणाले, "माझ्या हाताला हे झेपायचं नाही. तू बघ." मी बघितलं. महिनाभर राबून जहाज उभं केलं आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, चारी बाजूंनी न्याहाळलं आणि निकाल दिला, "बोट बरी आहे. डोलकाठी चुकली." मी पेशानं टेस्टर, दुसऱ्याच्या चुका काढायच्या पगारावर जगणारी, आणि घरात हा माझा बाप बसलेला. तेव्हापासून दर जहाजाला हेच. दांडी वर हवी, दोरी मागं हवी, "ही डोलकाठी आहे का तुरीची काडी?" पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'छान' म्हणून एकदाही निघालं नाही. मी चिडायचे, पायात चपला सरकवून तरातरा गच्चीवर जायचे, आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे नवीन डोलकाठी करायला बसायचे.

आता डोलकाठी करायची कशाची, यात आमच्यासारख्यांची आयुष्यं जातात. खोक्यात प्लास्टिकची येते, पण ती इतकी जाड की खरी असती तर आतून जिना काढता आला असता. मग जो तो आपलं डोकं चालवतो. उदबत्तीची काडी बरी, पण बांबूची कुसळं निघतात आणि रंग दिला की ती जास्तच दिसतात. इंजेक्शनच्या सुया उत्तम. जाड सुईत बारीक सुई सरकवली की पायरी-पायरीची डोलकाठी तयार होते. पण डझनभर सुया मागितल्या की औषधाच्या दुकानातला अण्णा आपल्याकडं वेगळ्याच नजरेनं बघतो. पितळेची तार गुणी, पण जरा धक्का लागला की मान टाकते. वीणेची तार मात्र पोलादी, ताठ. तिच्यासाठी मी एकदा बळेपेटेतल्या वाद्यांच्या दुकानात गेले होते. कुठली तार हवी ते दुकानदारानं अदबीनं विचारलं, "सारणी की पंचम?"

"सगळ्यात सरळ असेल ती," मी म्हटलं.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शिकता कुणाकडे?"

"मोबाइलवर बघून."

"मोबाइलवर बघून वीणा येत नाही अम्मा, गुरू पाहिजे," असं म्हणून त्यानं खरोखर एका गुरूंचा पत्ता लिहून दिला. तो कागद अजून माझ्या हत्यारांच्या डब्यात आहे.

हेब्बाळला एकाच्या गच्चीवरच्या खोलीत महिन्यातून एकदा रविवारी आमची मंडळी जमतात. नऊ पुरुष आणि मी. जो तो आपलं जहाज आणतो, लांबलचक टेबलावर मांडतो, मग सगळे भिंगं घेऊन वाकतात. तिथले दोनच नियम, कुठं लिहिलेले नाहीत पण सगळ्यांच्या अंगात भिनलेले. पहिला, दुसऱ्याच्या मॉडेलला हात लावायचा नाही. म्हणून सगळे दोन्ही हात मागं बांधून टेबलाभोवती फिरतात. दुसरा, काहीही जाड असता कामा नये. 'जाड' ही आमच्यातली सगळ्यात मोठी शिवी. तुमच्या जहाजाला रंग बरा नाही म्हटलं तर चालतं, पण डोलकाठी जाड आहे म्हटलं की माणूस चहा न पिता घरी जातो.

अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. थेंब चालू होते, तपासण्या चालू होत्या, तरी गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर कडांकडून आत आत मिटत गेली आणि एक दिवस मधला ठिपकाही गेला. त्यांनी फार आकांत केला नाही. घरातली पावलं मोजून घेतली, रेडिओ जवळ ओढला, आणि बोटांनी होतील ती कामं माझ्याकडून हिसकावून घेतली. थंडीत इथं अवरेकाई येते, आपल्या पावट्याची थोरली बहीण. तिचे दाणे भिजवून एकेकाची साल चिमटीनं उडवावी लागते. त्यात अप्पांचा हात घरात कुणी धरू शकत नाही.

असंच एका दुपारी आम्ही दोघं टेबलाशी दाणे सोलत बसलो होतो. ते एकाएकी म्हणाले, "डोलकाठी दिसेना झालीय."

मला वाटलं, माझ्या टेबलावरच्या मॉडेलबद्दल बोलतायत. "अहो अप्पा, ती मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही."

"तुझी नव्हे गं. माझी. डोक्यातली."

मग त्यांनी सांगितलं. नजर गेल्यापासून दुपारी आडवं झालं की ते आपल्या जुन्या जहाजावर जायचे. तिथं तीन वर्षं काढलेली. आपल्या नेहमीच्या जागी उभे राहायचे, वर बघायचे आणि मनातल्या मनात बावटे चढवायचे. त्यात वेळ बरा जायचा. "आता वर बघतो तर नुसतं पांढरं. आडव्या दांड्या तीन होत्या का चार, तेसुद्धा सांगता येईना. माणसांची तोंडं आठवतात. भटारखान्याचा वास आठवतो. आणि जिच्याकडं तीन वर्षं मान मोडेस्तोवर बघितलं तीच जाते म्हणजे काय? बाहेरचं गेलं ते गेलं. आतलंपण जायचं असलं तर मग राहिलं काय माझ्याकडं?"

अप्पांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि मला रडू यायला लागलं की मी मोठ्यानं बोलते, ही माझी जुनी खोड. "त्यात काय एवढं! मी करून देते तुमचं जहाज. डोलकाठीसकट!"

"हातात देणार असशील तर कर," ते म्हणाले. "काचेच्या पेटीत ठेवणार असशील तर मला उपयोग नाही."

"हातातच देईन."

त्यांच्या जहाजाच्या जातीचं एक खोकं माझ्या कपाटात पडलेलंच होतं. नकाशाही होता. नौकेचा सांगाडा, तोफा, होड्या, सगळं तीन आठवड्यांत झालं. उरली डोलकाठी. ती साधी एक काठी नव्हती. चार पाय वर एकमेकांकडं झुकत गेलेले आणि मधे जाळी, विजेच्या मनोऱ्याची असते तशी. आणि हे सगळं बोटाच्या एका पेरात मावायला हवं!

पहिली मी प्लास्टिकच्या ओढलेल्या तारांची केली. खोक्यातल्या तुकड्यांभोवतीची चौकट दिव्याच्या ज्योतीवर धरायची, मऊ झाली की दोन्हीकडून ओढायची, केसासारखी तार निघते. अशा चौतीस तारा चिकटवल्या. इतकी नाजूक झाली की मी स्वतःच्याच प्रेमात पडले. अप्पांपुढं ठेवली. त्यांनी बोट टेकवलं आणि कट्ट! "काही मोडलं का?" त्यांनी घाबरून विचारलं. "नाही नाही," मी म्हटलं आणि तुकडे हळूच मुठीत घेतले.

दुसरी पितळेची. मोडली नाही, पण वाकली. अप्पांना ती वाकडी लागली म्हणून त्यांनी प्रेमानं सरळ केली, ती दुसरीकडं वाकली, त्यांनी पुन्हा सरळ केली. पाच मिनिटांत तिचं पार भजं झालं. तिसरी वीणेच्या तारेची. ती कापताना माझी चांगली पक्कड कामातून गेली, जोडताना सोल्डरचा डाग बसता बसेना. पण झाली आणि वाकली नाही. फक्त टोक अप्पांच्या बोटात घुसलं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि म्हणाले, "ही बाकी खरी लढाऊ दिसतेय." मी हळदीचा डबा आणायला पळाले. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, जहाज करतेयस का शस्त्रक्रिया?" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

चौथीत मी सगळी अक्कल पणाला लावली. चार पाय पोलादी, जाळी पितळेची, टोकं घासून गोल केलेली. जाडी नकाशाबरहुकूम, केसाचाही फरक नाही. मोडत नव्हती, वाकत नव्हती, टोचत नव्हती. मला तर आकाश ठेंगणं झालं. नेमका दुसऱ्या दिवशी मंडळींचा रविवार होता. म्हटलं, अप्पांनाही हेब्बाळला घेऊन जावं, मंडळींनी कौतुक केलेलं त्यांच्या कानावर पडेल, आणि मग सगळ्यांसमोर त्यांच्या हातात देऊ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंडळींनी कौतुक तर भरपूर केलं. भिंगं आली, उजेड आला, हात मागं बांधून सगळे वाकले. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, तेसुद्धा म्हणाले, "स्वल्पही जाड नाही. परफेक्ट." मी फुशारले. तेवढ्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अप्पांनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला.

"टच मत करो!" चार-पाच जण एकदम ओरडले. सरांचा आवाज सगळ्यात मोठा.

कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सवय ती. गरम तव्याकडं पोरानं हात नेला की आपण ओरडतो, तसंच. पण अप्पांनी हात झटकन मागं घेतला, "सॉरी, सॉरी," म्हणाले, आणि बाकीच्यांसारखेच दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले. दिसत काहीच नव्हतं, तरी टेबलाकडं तोंड करून. मला इतकी लाज वाटली, आणि इतका राग आला, की मी ना धड मंडळींना काही बोलले, ना धड अप्पांच्या हातात जहाज दिलं. सरळ गुंडाळलं आणि घरी आलो.

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, जहाज मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "आता बघा. कुणाच्या बापाची भीती नाही." त्यांनी दोन बोटांनी डोलकाठी चाचपली. खाली, वर, पुन्हा खाली. मग हसून म्हणाले, "छान आहे."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा वर्षांत जे ऐकायला मिळालं नाही ते असं, फुकट?

"खोटं बोलू नका, अप्पा."

"खोटं कशाला बोलू? छान आहे म्हटलं ना."

"दांड्या किती आहेत?"

त्यांनी पुन्हा एकदा बोटं वरखाली फिरवली. मग म्हणाले, "मला काही कळत नाही गं. बोटाखाली गवत असल्यागत लागतंय. तू एवढी राबतेयस, कोण कुठला बळेपेट पालथा घालतेयस. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं."

मी खाली फरशीवरच बसले. चूक माझी होती आणि ती इतकी ढळढळीत होती की माझ्या हाताखालच्या नवशिक्या टेस्टरनंही पहिल्या दिवशी पकडली असती. ज्याला दिसत नाही अशा माणसासाठी मी डोळ्यांना दाद मिळेल अशी डोलकाठी करत होते. अप्पांसाठी म्हणत म्हणत सगळा वेळ रविवारच्या मंडळींसाठी करत होते. 'जाड' या एका शब्दाच्या धास्तीनं मी त्यांच्या बोटाखाली गवत दिलं होतं. मी अप्पांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे गं, राहू दे आता." ते 'राहू दे' मला 'छान'पेक्षाही लागलं.

मी ऑफिसात दोन दिवस रजा टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून विचार केला. जहाज नकोच. ते त्यांना आठवत होतं, हरवली होती ती डोलकाठी. तर मग एकटी डोलकाठी करायची, आणि चांगली वीतभर उंच, की तिची एकेक दांडी बोटात सापडेल. जाड तर जाड! मग परत तोच प्रश्न, करायची कशाची? आता वीतभर म्हटल्यावर खराट्याचा हीर चालण्यासारखा होता, बांबूही चालण्यासारखा होता. मी घाईघाईनं हिरांची एक बाजू बांधली आणि अप्पांच्या हातात दिली. त्यांनी क्षणात खाली ठेवली. "हे लाकूड आहे. आमच्या डोलकाठीला लाकूड नव्हतं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी वर्षं मी हीर घ्यायचे, सुया घ्यायचे, प्लास्टिक घ्यायचे, आणि वरून राखाडी रंग मारला की सगळं पोलाद व्हायचं. डोळ्याला रंग पुरतो. अप्पांच्या बोटाला मी कुठला रंग देणार होते? त्यांना थंडगार धातूच लागणार, आणि उचलल्यावर वजनही धातूचंच. म्हणजे आता पितळेला पर्याय नव्हता, आणि या मापाची पितळ जोडायची म्हणजे डाग द्यायचा. वीतभर जाळीत ऐंशीच्या वर सांधे. मी चार सांधे केले. पाचव्याला डाग देताना पहिला सुटला, पहिला केला तर तिसरा सुटला. घरचं झालं थोडं म्हणतात तसं, त्यात गॅसवर भात करपला.

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर सर उभे. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पितळी सळ्या. आनेकलला त्यांच्या ओळखीच्या एकाचा लेथचा छोटा कारखाना आहे, तिथून घासून सरळ करून आणलेल्या, दोन जाडीच्या. मी फोनवर कुणाकडं तरी सांध्यांचं रडगाणं गायले होते, ते त्यांच्यापर्यंत गेलं होतं. माझ्याकडं न बघता ते थेट अप्पांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी मी ओरडलो. फार चुकलं."

"सिग्नल मोठा आणि स्पष्ट होता," अप्पा म्हणाले. "आम्हाला तसेच आवडतात. बसा."

सरांनी मला चाळीस वर्षांच्या नोकरीतली एक युक्ती दिली. झालेल्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा, म्हणजे पुढच्याची धग त्याच्यापर्यंत जात नाही. पाटावर खिळे ठोकून आधी दोन सपाट बाजू करायच्या आणि मग त्या उभ्या करून जोडायच्या. दोन शनिवार-रविवार आमच्या जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. नवऱ्याला कापूस भिजवण्याचं काम दिलं आणि त्यानं ते, सांगायला हरकत नाही, मन लावून केलं. सर मधेच थांबून जाळीकडं बघायचे आणि उसासा सोडून मला म्हणायचे, "जाड आहे, अक्का. फार जाड आहे."

"असू दे, सर."

दोऱ्यांवरून मात्र अप्पांनी आम्हाला छळलं. मासे धरायचा नायलॉन दिला तर म्हणाले, बुळबुळीत. शिवणाचा दोरा दिला तर म्हणाले, हा काय पतंग आहे? शेवटी मेणबत्तीवर घासलेला चांभारी दोरा पसंत पडला. तो दांडीच्या टोकाला सरकायला हवा, त्यासाठी माझ्या तुटलेल्या मंगळसूत्राचे उरलेले काळे मणी उपयोगी पडले. "माझं सौभाग्य डोलकाठीवर टांगलंस," नवरा म्हणाला. "तिथं निदान काही कामाला येतंय," मी म्हटलं.

ती पुरी झाली तेव्हा दुपार होती. सर आले होते. अप्पांनी आंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी डोलकाठी लाकडी ठोकळ्यावर बसवून त्यांच्यापुढं ठेवली आणि माझे हात कुठं ठेवावेत ते मला कळेना.

त्यांनी तळापासून सुरुवात केली. चार पाय मोजले. "थंड आहे," म्हणाले. "पूजेच्या घंटीसारखा वास येतोय, पण थंड बरोबर." बोटं जाळीतून वर चढली, पहिल्या दांडीला थांबली, डावीकडं टोकापर्यंत गेली, मण्यातून दोरा थोडा ओढून बघितला. मग दुसरी दांडी. मग एकदम थांबले, आणि बोटं परत खाली, पायांशी. पुन्हा वर, पुन्हा मधेच खाली. तीन वेळा. मला वाटलं, पुन्हा फसलं. आता हे 'छान आहे' म्हणणार, आणि या वेळी मला ते सहन व्हायचं नाही. मी ओढणीचं टोक चावत उभी होते.

चौथ्यांदा त्यांनी दोन्ही हात लावले. या वेळी बोटं थांबली नाहीत. पहिली दांडी, दुसरी, तिसरी, भराभर, जिना चढावा तशी, आणि त्यांची मान आपोआप वर होत गेली. डावा हात दोऱ्यांपाशी राहिला, उजवा थेट टोकाला पोचला. तिथं माझी डोलकाठी संपली. नकाशात ती तिथंच संपत होती. पण त्यांचा हात संपला नाही. तो तसाच वर हवेत चढत गेला, सावकाश, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये काहीतरी बारीक धरल्यासारखा.

"हिच्यावर अजून एक होती," ते म्हणाले. "एकटी, सडपातळ. गोदीत दुरुस्तीला गेलो होतो तेव्हा बसवली. तुझ्या नकाशात नसेल. वर लाल दिवा." बोटं एका जागी येऊन थांबली आणि चिमूट घट्ट मिटली. "हा इथं."

सर खुर्चीतून अर्धे उठले होते. अप्पांचं तोंड वर, छताकडं.

"दिसतेय गं," ते म्हणाले. "सगळी दिसतेय."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी नेहमीसारखी मोठ्यानं ओरडले, "अप्पा, हात हलवू नका! तसाच धरा!" आणि टोकापासून त्यांच्या चिमटीपर्यंतचं अंतर मोजायला पट्टी शोधत आत पळाले.